पांढऱ्या गणवेशातील श्रमिक

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परिचर्येचा तीन किंवा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून जी मुलगी पुण्यातील एखाद्या खासगी रुग्णालयात प्रथमच नोकरीस लागते, तिच्यापुढे पहिल्या दिवशी येणारा कागद पुष्कळदा नेमणूकपत्राचा नसून बंधपत्राचा असतो. दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक इतकी रक्कम भरीन, असा मजकूर मुद्रांकित कागदावर आधीच छापलेला असतो. त्याखाली तिने सही करावयाची, सोबत आलेल्या वडिलांनी जामीन म्हणून करावयाची, आणि दहावीच्या गुणपत्रिकेपासून परिषदेच्या नोंदणीपत्रापर्यंत सारी मूळ कागदपत्रे कार्यालयातील कपाटात ठेवून यावयाची. वडील बीडकडून वा यवतमाळकडून रात्रीच्या एस.टी.ने आलेले असतात. मुलीच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यांच्या डोक्यात घोळत असतो. 'बाँड सगळीकडेच असतो,' असे कार्यालयातील लिपिक सहज म्हणून जातो. मुलगी सही करते. त्याच आठवड्यात तिला रात्रपाळी लागते.

गिरणी कामगारांच्या लढ्यांचा इतिहास कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. १९५५ साली याच शहरात उभी राहिलेली हमाल पंचायत हा त्याच्या अभिमानाचा विषय असतो. परंतु परिचारिका म्हटली की चळवळीच्या मनात दोनच चित्रे उमटतात : एक दिवा हाती घेतलेल्या करुणामूर्तीचे आणि दुसरे महिनाअखेर पगार घेणाऱ्या सुखवस्तू नोकरदार स्त्रीचे. पहिल्या चित्राला १२ मे रोजी हार घातला जातो. दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही. बंधपत्रावर सही करणारी मुलगी या दोन्ही चित्रांत बसत नाही, आणि म्हणून तिचा प्रश्न कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

हे पुण्यात घडावे, यात एक विशेष उपरोध आहे. परिचर्येचा इतिहास या शहराला परका नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ माळावर दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ साली, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन निघाले. सेवासदनने तरुण विधवांना आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा शहरातील सनातनी मंडळींचा क्षोभ झाला. परपुरुषाच्या देहाला स्पर्श करावयाचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढावयाचे, आणि रात्री घराबाहेर राहावयाचे : हे तीनही आक्षेप एकाच कामात एकवटले होते. रमाबाईंनी या मुलींच्या राहण्याची सोय केली, त्यांच्या आप्तांची समजूत घातली आणि टीका अंगावर घेतली. ससूनच्या आवारात पाऊल टाकणारी ती पहिली मराठी मुलगी आणि आज बंधपत्रावर सही करणारी मुलगी यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. सोवळ्याचा आक्षेप आज उघडपणे कोणी घेत नाही. तथापि हे काम हलके आहे ही भावना मात्र पगाराच्या आकड्यात टिकून राहिली आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदुस्थानात ती कधी आली नाही. पण इथल्या सांडपाण्याची, पिण्याच्या पाण्याची आणि लष्करी छावण्यांतील मृत्यूंची आकडेवारी तिने वर्षानुवर्षे गोळा केली. दिव्याच्या चित्रामागे लपलेली ही बाई मुळात आकडे मांडणारी आणि शासनाला जाब विचारणारी होती. रुग्णालयांच्या वार्षिक समारंभांत तिचा केवळ दिवा घेतला जातो, आकडे घेतले जात नाहीत.

आकडे घेतले तर काय दिसते? भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्या स्थितीपासून आपला देश पुष्कळ पुढे आला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वॉर्डातील हिशोब वेगळा असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. शिवाय रजांची भरपाई करण्यासाठी तीस टक्के जादा मनुष्यबळ हवे. रात्री अकरा वाजता कोणत्याही मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात उभे राहून खाटा मोजाव्यात आणि परिचारिका मोजाव्यात. कोणी अहवाल वाचण्याची आवश्यकता उरणार नाही. खाटा संपल्यावर जमिनीवर अंथरलेल्या गाद्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

आता कायद्याचा भाग. तो रुक्ष आहे, पण कार्यकर्त्याने तो टाळू नये. रुग्णालय हा 'उद्योग' आहे की नाही, या प्रश्नाभोवती परिचारिकेचे सारे हक्क फिरत आले आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड-नोकरांना भरपाई न देता कामावरून कमी केले, त्यावरून हॉस्पिटल मजदूर सभेने लढा दिला आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालय हा उद्योग होय असा निर्णय दिला. दहा वर्षांनी, १९७० च्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात, तेच न्यायालय उलट बोलले. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने सफदरजंगचा निर्णय मोडीत काढला आणि रुग्णालये पुन्हा उद्योगाच्या व्याख्येत आली. सेवेचे उदात्त नाव घेतल्याने मालक हा मालक राहण्याचे थांबत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

त्यानंतरची हकीगत ताजी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने उद्योगाच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्य पूर्णतः किंवा मुख्यतः करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांपैकी कितीतरी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या एका उपवाक्याचे वजन कळते. रोग्याकडून बाजारभावाने पैसे घेणारे रुग्णालय परिचारिकेच्या तक्रारीपुढे मात्र स्वतःला धर्मादाय म्हणवू शकेल काय? 'मुख्यतः' या शब्दाचा अर्थ न्यायालयांतून ठरावा लागेल, आणि तो ठरविण्यासाठी कोणीतरी खटला उभा करावा लागेल. एकट्या परिचारिकेच्या आवाक्यातील हे काम नव्हे.

पगाराविषयी तर एक लेखी शिफारस आधीच अस्तित्वात आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने त्याच वर्षी सुचविले की, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे. १०० हून अधिक खाटा असतील तर त्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी नसावे. ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कपात नसावी. आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. शिफारशी राज्यांकडे गेल्या. त्यांची अंमलबजावणी करणे राज्यांवर सोपविले गेले, आणि 'सोपविले' या क्रियापदात त्या बव्हंशी अडकून पडल्या. पुण्याच्या लहान रुग्णालयांत चौकशी केली तर हा वीस हजारांचा आकडा ऐकून कारकून हसतो.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी स्वतंत्र करार केला, क्रमांक १४९. कामाचे तास, जादा काम, गैरसोयीच्या वेळांची पाळी, साप्ताहिक सुटी, प्रसूती आणि आजारपणाची रजा या बाबतींत परिचारिकांना निदान इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, एवढीच त्याची मागणी. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही.

इतके झाल्यावर प्रश्न येतो तो त्या मुलीचा. ती शाखेच्या कचेरीत आली, किंवा तिचे वडील आले, तर तिला काय सांगावयाचे? 'सही करू नकोस' हे सांगणे सोपे आहे; नोकरी देणारे दुसरे दार दाखविता येत नसेल तर ते बेजबाबदारपणाचे आहे. तिला सांगावे ते इतके की, बंधपत्र हा दगडावरचा लेख नव्हे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यास वाजवी भरपाई मागता येते आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. ती आपोआप देय होत नाही. तसेच खोटा दिलासाही देऊ नये. मे २०२५ मध्ये एका बँक अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांचे बंधपत्र वैध ठरविले आहे. ती बँक सार्वजनिक क्षेत्रातील होती आणि नवीन भरतीचा खर्च तिने पुढे मांडला होता. ज्या रुग्णालयाने मुलीला एक दिवसही प्रशिक्षण दिले नाही, पहिल्याच रात्री वीस खाटा तिच्या हवाली केल्या, त्याने कोणता खर्च केला हे विचारण्याची जागा शिल्लक आहे. मूळ प्रमाणपत्रांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. शैक्षणिक प्रमाणपत्र ही अडवून ठेवण्याजोगी तारण वस्तू नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. कागद पाहून, प्रती ठेवून मूळ परत करावे, ही मागणी लेखी करावी. आणि मूळ कागद द्यावेच लागले तर त्यांची यादी करून तीवर पोच घ्यावी. ही पोच मागण्याचे धैर्य अशा तरुण मुलीला होत नाही. बरोबर एखादी वडीलधारी बाई गेली तर होते. नेमणूकपत्र देणे तर नव्या संहितांनीही बंधनकारक केले आहे, आणि राजीनामा दिल्यावर उरलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे असे वेतन संहिता सांगते. ही वाक्ये तिच्या वहीत लिहून द्यावीत.

यानंतर वॉर्ड. नवीन परिचारिकेची पहिली भीती पगाराची नसते, चुकीची असते. डॉक्टर दूरध्वनीवरून औषध सांगतात; केसपेपरवर काही लिहिलेले नसते. औषध दिले आणि रोगी दगावला तर सांगणारा 'असे सांगितलेच नव्हते' म्हणू शकतो. न दिले तर आज्ञाभंग. जुन्या परिसेविका यावर एक शिस्त शिकवीत आल्या आहेत : तोंडी आदेश ऐकला की लागलीच लिहावा, औषधाचे नाव व मात्रा वाचून दाखवावी, वेळ टाकावी, आणि सकाळी सही घेतल्याखेरीज ड्युटी सोपवू नये. पोटॅशियम क्लोराईडच्या तीव्र द्रावणाची कुपी दिसावयास निरुपद्रवी असते. ती पातळ न करता शिरेत गेली तर हृदय बंद पडते. अशा कुप्या साध्या औषधांच्या ट्रॉलीवर ठेवूच नयेत, हा नियम व्यवस्थापनाने पाळावयाचा आहे. तो पाळला गेला नाही आणि बारा तासांच्या रात्रपाळीच्या अखेरीस पहाटे चार वाजता हात चुकला, तर चौकशी हाताची होते, ट्रॉलीची होत नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर दोन घटना आठवाव्यात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली, दहा अर्भके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्याच दिवशी अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी अग्निसुरक्षेच्या व्यवस्थेचे धिंडवडे निघाले. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविला गेला. नगरात एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकेने हलगर्जी केली की नाही हे न्यायालयाने पाहावे, त्याबद्दल वाद नाही. परंतु पाणी फवारणारी यंत्रणा बसविणे हे ज्यांचे काम होते त्यांच्यापर्यंत पोलीस किती वेगाने पोहोचले आणि ड्युटीवरच्या मुलीपर्यंत किती वेगाने, याची तुलना करण्याचा अधिकार नागरिकांना आहे. नगरच्या अटकांनंतर राज्यभरातील परिचारिका रस्त्यावर आल्या, त्या या तुलनेमुळे.

वॉर्डातील दुसरा धोका सुईचा. वापरलेली सुई बोटात टोचणे ही परिचारिकेच्या जीवनातील सामान्य घटना आहे, आणि नवी मुलगी ती लपविते. आपणच निष्काळजी ठरू, असे तिला वाटते. काविळीच्या 'ब' प्रकारावरील लशीच्या तीन मात्रा नोकरीच्या आरंभीच मिळावयास हव्यात. एचआयव्हीचा संशय असल्यास प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, सुरू व्हावे लागते. लपविण्यात गेलेली रात्र म्हणूनच महाग पडते. एचआयव्ही-एड्स विषयक २०१७ च्या कायद्याने आरोग्यसंस्थेवर सुरक्षित कामाचे वातावरण, संरक्षक साधने आणि हे प्रतिबंधक औषध पुरविण्याची जबाबदारी टाकलेली आहे. औषधाचा खर्च पगारातून कापणे हा त्या कायद्याचा उपहास होय.

आता ज्या विषयावर आवाज खाली जातो तो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पंचवीस वर्षांची परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलण्यास गेली असता तेथीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या अन्नाच्या चोरीवरून तिने त्याला हटकले होते, असे सांगितले जाते. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती मारहाणीची आणि चोरीची. लैंगिक अत्याचाराचा आरोपच ठेवला गेला नाही. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत राहिली. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला तेथून हलविण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी निदर्शने करून तो हाणून पाडला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तिची स्थिती तपासली तेव्हा इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नसल्याची नोंद झाली. परिचर्या म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने या एका नोंदीपाशी थांबावे. पिढ्या बदलल्या, परिचारिका निवृत्त झाल्या, पण दर काही तासांनी तो देह कुशीवर वळविण्यात खंड पडला नाही.

आणि त्याच वेळी हेही विचारावे की, परिचारिकांना कपडे बदलण्यासाठी धड, वर्दळीच्या जागी, आतून कडी लागणारी खोली तेव्हा असती तर? आज किती रुग्णालयांत आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हा पुन्हा विश्रांतीच्या खोलीचाच प्रश्न निघाला. पन्नास वर्षांत खोलीचा प्रश्न सुटत नाही.

छळाचे सारे प्रकार इतके उघड नसतात. लष्करी परिचर्या सेवेत विवाह हेच नोकरी जाण्याचे कारण असे. १९७७ च्या एका लष्करी सूचनेने तशी तरतूद केली होती. ती १९९५ साली मागे घेण्यात आली. सेलिना जॉन या अधिकारी परिचारिकेला १९८८ साली याच कारणास्तव सेवामुक्त केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने तिला साठ लाख रुपये देण्याचा आदेश दिला तो १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे छत्तीस वर्षांनी. १९६४ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे परिचर्या महाविद्यालय ज्या पुण्यात आहे, तेथे ही गोष्ट सर्वांना ठाऊक असावयास हवी.

१९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती अनिवार्य आहे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नसतील इतक्या स्त्रिया सदस्य, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतील. तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी लागते. छळ करणारा सहकारीच असतो असे नाही. रोग्याचा नातेवाईक असेल तरी कामाच्या ठिकाणी येणाऱ्या लोकांपासून सुरक्षितता पुरविणे हे मालकाचे कर्तव्य कायद्याने सांगितलेले आहे, आणि पोलिसांत जावयाचे झाले तर साहाय्य करणे हेही.

येथे कार्यकर्त्यांना अप्रिय वाटेल असे काही बोलणे प्राप्त आहे. रुग्णालयात घोळका घेऊन जाणारे, खाट मिळवून द्या म्हणून टेबलावर मूठ आपटणारे, 'ओळखत नाही का मला' असे म्हणणारे लोक सर्व पक्षांत आहेत आणि या पक्षातही आहेत. गरीब रोग्याची बाजू घेण्याच्या सद्भावनेने ते जातात, हे खरे. परंतु त्या वेळी समोर सापडते ती अधिष्ठाता नव्हे, विश्वस्त नव्हे, तर वॉर्डातील सर्वांत कमी पगाराची परिचारिका. औषध नाही याचा जाब तिला विचारला जातो. औषधाची खरेदी तिच्या हाती कधीच नव्हती. २०१० साली महाराष्ट्राने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला; तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. तो कायदा 'सिस्टर'ला शिवीगाळ करणाऱ्या कार्यकर्त्यालाही लागू आहे. ज्या परिचारिकेने शाखेच्या माणसाची मुजोरी एकदा सोसली ती उद्या शाखेच्या सभेला येणार नाही.

महामारीत या शहराने काय पाहिले? ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले करोनाबाधित पुण्यात आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी नायडूमधील एका परिचारिकेला दूरध्वनी करून तिचे कौतुक केले. ते संभाषण देशभर ऐकविले गेले. गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. काही इमारतींत मात्र त्याच परिचारिकांना जिना चढू देण्यास रहिवासी तयार नव्हते. नंतर तातडीने कंत्राटी नेमणुका झाल्या, लाट ओसरताच त्या संपल्या. मे २०२२ मध्ये ससूनसह राज्यातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी संप केला, तो भरती बाह्य संस्थांच्या हाती देण्याच्या निर्णयाविरुद्ध. जुलै २०२५ मध्ये त्यांना पुन्हा काम थांबवावे लागले. दोन्ही वेळी वृत्तपत्रांत मथळे आले ते रुग्णांच्या हालअपेष्टांचे.

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. गिरणीचा साचा थांबला तर सूत थांबते. अतिदक्षता विभागात परिचारिका थांबली तर श्वास थांबतो. परिचारिकेला हे कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच तिच्या संघटनेला संपाआधीची कितीतरी पावले नीट टाकावी लागतात : रोजच्या रोज खाटा आणि हात यांचा लेखी हिशोब, तो अधिसेविकेमार्फत वर पाठविणे, उत्तर न आल्यास तोच हिशोब रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडणे, आणि संप झालाच तर अपघात, प्रसूती, अतिदक्षता हे विभाग चालू ठेवणे. रात्री चाळीस खाटांवर एक परिचारिका असताना रोग्याचे हाल होत नाहीत काय, हा प्रश्न नातेवाइकांनाच विचारावयाचा. तो त्यांना पटतो, कारण ती रात्र त्यांनी काढलेली असते. वॉर्डातील आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांना बाहेर ठेवून केवळ पदवीधारकांची संघटना काढण्याचा मोहही टाळावा. जातीची भिंत रुग्णालयात पदनामाच्या रूपाने उभी असते. केरळातून आलेल्या मुली तर भाषेमुळे आणखी एकाकी असतात. त्यांना मराठी येत नाही म्हणून त्या तक्रार करीत नाहीत, आणि तक्रार करीत नाहीत म्हणून मालकाला त्या हव्या असतात.

पुणे शहर शाखांपुरते तातडीचे काम असे. आपापल्या भागातील रुग्णालये व शुश्रूषागृहे यांची यादी करावी. कोठे अंतर्गत समितीचा फलक लागला आहे, कोठे नाही, याची पाहणी स्त्री कार्यकर्त्यांनी करावी. ती भेटीच्या वेळेत, गाजावाजा न करता होऊ शकते. कोणकोणत्या रुग्णालयांत मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात याची माहिती मुलींच्या वसतिगृहांतून मिळते, मालकाच्या कार्यालयातून नव्हे. रात्री आठच्या सुमारास पाळी बदलते. त्या वेळी कोणत्या रुग्णालयाबाहेरून बस मिळत नाही, हे पाहून परिवहन महामंडळाकडे मागणी करावी. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या शुश्रूषागृहांतील मुलींसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती कायद्याने नेमलेली असते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लिहावा, आणि फळा रस्त्यावरून वाचता येईल असा टांगावा.